सोमाजी कोणाचे आश्रित?

लंडनहून कायदा शिकून मूल गावी परतलं की किस्से साठायला वेळ लागत नाही. माणूस फक्त जरा उत्साही हवा. मी फारच होते! वाटलं होतं, अडलेले लोक दारात रांग लावतील. पहिल्या आठवड्यात एकच म्हातारबाबा आले, तेही डोळ्यांसाठी. विलायतेहून आलेली म्हणजे डॉक्टरीणच! मी त्यांना नागरिकांचे हक्क समजावले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बरं बाई, पण थेंब कधी टाकता?"

*

दुसरे आले भातगिरणीचे मालक नामदेवभाऊ. इन्कमटॅक्सला वैतागलेले. त्यांचा धाकटा भाऊ सोमाजी त्यांच्याच घरी राहायचा. लढाईत, ब्रह्मदेशात, त्याचा उजवा हात गेला होता आणि त्याची पेन्शन मिळत होती. मला स्फुरण चढलं. अपंग नातेवाइकाला पोसणाऱ्याला करात सूट असते, मी पुस्तकात वाचलं होतं!

तिथेच अर्ज लिहिला आणि गिरणीच्या अंगणात, गाडीवाल्यांसमोर, खणखणीत वाचला: "अर्जदाराचा भाऊ कामास असमर्थ असून सर्वस्वी अर्जदारावर अवलंबून आहे."

सोमाजी तेव्हा कामावरच होता. प्रत्येक गाडीतला एक दाणा दाताखाली फोडायचा आणि धान वाळलं की ओलं ते सांगायचा. त्याने मान हलवल्याशिवाय गिरणीत पोतं उतरत नसे.

त्याने तोंडातला दाणा थुंकला आणि तो अहेरीला बहिणीकडे निघून गेला.

*

मग नामदेवभाऊ स्वतः दाणे चावू लागले. त्यांना सगळे सारखेच लागायचे. ओलं धानही गोदामात गेलं आणि पंधरा दिवसांत पोती आतून तापली. मी विचारपूस करायला गेले, तर वहिनींनी नाकाला पदर लावला.

"बाई, तुमच्या कायद्याचा वास येऊन राह्यला गोदामात."

*

निदान सूट तरी मिळवून द्यावी म्हणून अर्ज घेऊन चांद्याच्या इन्कमटॅक्स ऑफिसात गेले. साहेबांनी तो दोनदा वाचला, मग माझं पुस्तक मागितलं.

"हे कलम इंग्लंडातलं आहे. आपल्याकडे अशी सूटच नाही."

त्यांनी चहा मागवला. मी प्यायले. दुसरं काही पदरात पडण्यासारखं नव्हतंच.

*

तिथून थेट अहेरी. सोमाजी बहिणीच्या ओट्यावर बसला होता. मी माफी मागितली, तीही मुद्देसूद. त्याने मला थांबवलं.

"कागद हाय ना? मग लिहा. मी सोमाजी, हात एक. सरकारची पेन्शन हाय. माह्यावर एक माणूस अवलंबून हाय. नाव नामदेव, मोठा भाऊ, हात दोन. त्याले धान ओळखता येत नाई."

मी लिहिलं. त्याने डाव्या हाताने सावकाश सही केली.

"हा अर्ज द्यायचा कुठे?" मी विचारलं.

"लंडनले तुम्ही शिकल्या. मले काऊन विचारता?"

रात्री त्याच्या बहिणीकडेच राहिले. सकाळी उठले तेव्हा माझं ठरलं होतं. अर्ज कुठल्याही ऑफिसात द्यायचा नाही. सोमाजीला सोबत घेऊन मूल गाठायचं, गाड्या लागेपर्यंत थांबायचं आणि गिरणीच्या अंगणात हा अर्ज मोठ्याने वाचायचा.