अर्ध्या डोक्याचा प्रयोग

आमच्या साडूभाऊंइतका सरळ माणूस अख्ख्या श्रीरामपूर तालुक्यात नसेल, आणि त्यांच्याइतकं निळं डोकं तर अख्ख्या महाराष्ट्रात नसेल. बेलापूरच्या शाळेत विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, पण विज्ञान काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. चहा सांडला तर आधी तो कुठल्या बाजूला वाहतो ते बघणार, मग फडकं मागणार. पाहुण्यांना नवं लोणचं वाढताना शेजारी जुनंही वाढतात, कारण "तुलना झाली पायजे." टक्कल त्यांना तिशीतच पडलं होतं आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. डोकं पुसलं की आंघोळ संपली, असं कौतुकानं सांगायचे.

दुःख झालं ते ताईंच्या केसांचं. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. त्यांचा अंबाडा एका मुठीत मावत नसे. साठीच्या आसपास डोक्याला चाई लागली आणि बघता बघता सगळे केस गेले. नगरच्या डॉक्टरांनी होते नव्हते ते उपाय करून पाहिले. ताईंनी पदर कपाळापर्यंत ओढला, हळदीकुंकू सोडलं, लग्नकार्यं सोडली, शेवटी ओट्यावर बसणंही सोडलं. सकाळच्या उन्हात चार जणींशी बोलत भाजी निवडणारी बाई मधल्या खोलीत एकटीच बसून निवडू लागली. साडूभाऊंना ते बघवेना.

मग कुठंतरी वाचताना त्यांना पेप्टाइडं सापडली. प्रथिनांचे बारीक तुकडे. टाळूला लावले तर निजलेली केसांची मुळं जागी होतात म्हणे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पुरावा अजून कच्चा आहे, सर." तरी यांनी मागवलंच. बाटलीवर 'फक्त संशोधनासाठी' असा इशारा होता. दुसरा कुणी घाबरला असता, यांना ते आमंत्रण वाटलं. ताई हात पुढं करून म्हणाल्या, "द्या हिकडं, लावते मी डोक्याला."

"आधी माझ्या," साडूभाऊ म्हणाले. "मला काय झालं तर चालंल. तुला न्हाई."

आता प्रयोग म्हटल्यावर तुलना आलीच. डोक्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे औषध, उजवीकडे नुसतं पाणी. औषधात तांबं असल्यानं ते निळंशार. फ्रिजमध्ये विरजणाशेजारी त्याची जागा झाली. उशी निळी झाली, टोपी आतून निळी झाली. स्वतःच्या टाळूवरची रेघ सांभाळणं जमेना, म्हणून लावायचं काम ताईंकडे आलं. गाव शेतकऱ्यांचं, लोक विचारायचे, "सर, डाव्या प्लॉटला उगवण झाली का?" हे न चिडता सांगायचे, "अजून न्हाई. पण जमीन चांगलीय." पुतण्याच्या लग्नात फेट्याचा प्रसंग आला. आमच्याकडे फेटा नाकारणं म्हणजे पिढीजात भांडणाला सुरुवात, आणि बांधावा तर औषध पुसलं जाणार. यांनी फेटेवाल्याला फक्त उजव्या बाजूवर फेटा बसवायला लावला. फोटोत सगळी वरात सरळ आहे, हे एकटे कललेत.

आणि एके दिवशी डावीकडे खरंच लव दिसली. मी तेव्हा तिथंच होतो. ताईंनी आतून अंबाड्यात खोचायचं चांदीचं फूल आणलं आणि राखेनं घासायला घेतलं. इतक्या दिवसांनी त्या गुणगुणत होत्या. साडूभाऊंनी आरशासमोर भिंग उजवीकडे नेलं आणि त्यांचा चेहरा उतरला. लव तिकडेही होती. मी हळूच म्हणालो, "भाऊ, बोलू नका. त्यांना आशेवर राहू द्या की."

ते थेट ताईंसमोर जाऊन बसले. "औषधाचा गुण न्हाई हा. पाण्याच्या बाजूलाबी आलंय. म्हंजी काय सिद्ध झालं न्हाई. खोटं सांगून तुझ्या डोक्याला लावणार न्हाई मी."

ताईंचा हात थांबला. मला तर तिथून उठून जावंसं वाटलं. त्या चाचरत म्हणाल्या, "उजवीकडं व्हय? आवो, बोटाला उरल्यालं टाकून कसं द्यायचं? लई महागाचं म्हून रोज उजवीकडं पुसत हुते मी."

"म्हंजी सगळा प्रयोग बाद!" साडूभाऊ डोक्याला हात लावून ओरडले, आणि तो हात निळा झाला. ताईंना हसू फुटलं. इतकं, की पदर घसरून खांद्यावर आला, आणि तो वर घ्यायचं त्यांना सुचलंच नाही. साडूभाऊ भिंग विसरून नुसते बघत राहिले. मला त्या क्षणी या माणसाचा फार हेवा वाटला.

नवा प्रयोग सुरू झाला. डोकं तासून घेतलं, नवी रेघ मारली. "आत नीट दिसत न्हाई, पुन्यांदा चुकंल," म्हणत ताईच त्यांना ओट्यावर घेऊन आल्या. आता रोज सकाळी त्या तिथं औषध लावतात, बोट फडक्याला पुसतात आणि मग उन्हातच भाजी निवडत बसतात. पदर खांद्यावरच असतो.

परवा मी साडूभाऊंना बाजूला घेऊन विचारलं, "याही खेपेला काही सिद्ध झालं नाही, तर?"

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. "मग दुसरं कायतरी लावून घ्यावं लागंल रोज," ते म्हणाले. "तिला उन्हात बसायची सवय लागलीय."