पुष्पचक्रावरचा किडा

वसईच्या होळी बाजारात एका फोटोग्राफरचा स्टुडिओ होता, पण सकाळी तो आमच्या पानवेलीच्या वाडीतच सापडायचा. एरवी स्वस्थ म्हणून बसायचा नाही. चहा पितानाही त्याचा गुडघा हलत असायचा. पुढचे पाय हातांसारखे जोडून बसणारा प्रार्थनाकीटक दिसला की मात्र, किडा मोठा दिसावा म्हणून कॅमेऱ्याला लेन्स उलटी धरून, श्वास रोखून, दगडासारखा बसायचा.

"हलू नको," तो माझ्या कानात कुजबुजायचा. "हात जोडलेत ना त्याने? म्हणजे झडप घालणार."

बाबा गेले तेव्हा, आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे शवपेटीभोवती घरच्यांचा फोटो काढायला त्यालाच बोलावलं. "हलू नका," तो म्हणाला. वाडीतलाच तो आवाज!

आठवड्याने फोटो घेऊन आला. शवपेटीवरच्या पुष्पचक्रावर बसलेला प्रार्थनाकीटक मिशांसकट लख्ख आला होता. मागे बाबा आणि आम्ही सगळे धूसर.

"नजर तिकडेच गेली रे," एवढंच तो बोलला. गुडघा हलतच होता. मी भडकणार, तोच आईने फोटो हातात घेतला.

"बघ, तोपण बाबांसाठी प्रार्थना करतोय."

तिने तो फोटो भिंतीवर लावला. रोज संध्याकाळी ती त्या किड्याच्या जोडलेल्या हातांसमोर हात जोडून उभी राहते, आणि ती बाजूला होईपर्यंत मी श्वास रोखून असतो.