गुंजवण्याची लाल ओळ

भोर-वेल्ह्यातल्या दूध संकलन केंद्रांचे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडले, तेव्हा कुठल्या मशीनवर कुठलं अपडेट बसलंय हे बघायला मी मोटारसायकलवर गावोगाव हिंडायचो. कंबरडं मोडायला आलं तेव्हा कुठं अक्कल सुचली आणि मी एक स्क्रिप्ट लिहिली. भोरात बसून मी चहा प्यायचो, तोवर ती सगळ्या केंद्रांची चौकशी करून यायची. अपडेट नवं असलं की ओळ हिरवी, जुनं असलं की लाल. उत्रोलीपासून पालीपर्यंत सगळं हिरवं झालं, त्या दिवशी मी स्वतःवरच खूश होतो. फक्त गुंजवण्याची ओळ लाल.

तिथं अपडेट पोचलं होतं, पण मशीन एकदा बंद करून चालू केल्याशिवाय ते बसत नाही. आणि ते मशीन कित्येक दिवसांत बंदच झालं नव्हतं. पावसाळ्यात तिकडं लाईट जाते ती येतच नाही, त्यामुळं मला हे पटेना. वैतागून गाडीला किक मारली.

ते केंद्र चालवणारा माझा मित्र होता. कामापेक्षा थट्टेसाठीच जास्त फोन करायचा. पावसाच्या तोंडावर दूध मापता मापता त्याच्या छातीत कळ आली आणि तिथंच गेला. आता वडील केंद्र बघत होते. ऐन भातलावणीच्या चिखलणीत त्यांचा ट्रॅक्टर अंगणात उभा होता, कारण त्याची बॅटरी काढून कॉम्प्युटरच्या इन्व्हर्टरला जोडली होती. स्क्रीनवर मित्राची शेवटची नोंद तशीच होती. एका शेतकऱ्याचं नाव, आणि पुढं लिटरचा रकाना रिकामा. वडील रोजचं दूध कागदावर लिहून घेत होते.

अपडेट बसलं नाही तर वरचे लोक केंद्राची लाईन तोडतील, असं मी त्यांना सांगितलं. स्क्रीनचा फोटो काढून देतो म्हणालो.

"त्यानं अर्ध्यात ठिवलंय," ते म्हणाले. "म्या कसं बंद करू?"

मशीनला हात न लावता मी गाडी वळवली. भोरला येऊन मी स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली: साहेबांकडं जाणाऱ्या अहवालातून गुंजवणे वगळायचं.

भाताच्या लोंब्या निसवायला लागल्या होत्या, तेव्हा एका सकाळी गुंजवण्याची ओळ हिरवी दिसली. वडीलही गेले, असंच वाटलं. घाबरत फोन लावला, तो मित्राच्या आईनं उचलला.

"काल सांजच्याला ह्येनीच बंद केलं," त्या म्हणाल्या. "म्हनले, किती दिस ताटकळत ठिवायचं पोराला. जाऊ दे आता."

बरं म्हणून मी फोन ठेवला. आता सगळीकडं हिरवं आहे, गुंजवणे वगळायचं काही कारण उरलेलं नाही. स्क्रिप्टमधली ती ओळ मी अजून काढलेली नाही.