चुंबळ टाकलेली जागा

"कोन बसलंय तिथं? माझी चुंबळ दिसत नाय?"

आगाशीहून विरार स्टेशनकडे जाणारी सकाळची बस थांब्यावर लागायच्या आत मावशीचा हा आवाज बसमध्ये शिरलेला असायचा. मावशी स्वतः अजून खालीच. भाजीची टोपली जमिनीवर ठेवलेली आणि टोपलीखाली डोक्यावर घ्यायची चुंबळ, जुन्या लुगड्याची पिळून केलेली, हातात तयार. बस आली की ती नेम धरून खिडकीतून आत फेकायची. चुंबळ ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर पडायची आणि जागा तिची व्हायची. रुमाल टाकणारे तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. रुमाल लोक उचलून बाजूला ठेवतात. मावशीची चुंबळ कोणी उचलत नसे.

एकदा टाय लावलेल्या एका गृहस्थांनी ती पाहिलीच नाही आणि तिच्यावरच बसले. मावशी टोपली घेऊन वर आली, त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, माझ्या डोक्यावर बसलात की!"

सगळी बस हसली. ते गृहस्थ उठले, चुंबळ झटकली आणि दोन्ही हातांनी तिला परत दिली.

पण ती जागा मावशीची नसायचीच. ती माझी असायची. मावशी आमची शेजारीण. मी विरारला कॉलेजात जायचो आणि बसमध्ये वाचायचो, एवढं तिला पुरेसं होतं. "मी टोपलीपाशी उभी र्‍हाते. तू बस, वाच." मी बसायचो. एकदा तरी उठून "मावशी, आज तू बस" असं म्हणायला हवं होतं. म्हटलंही असेल. मला आठवत नाही.

पुढे नोकरी लागली, लग्न झालं, आणि ईरा तान्ही असतानाच कंपनीने मला हनोईला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी सुमेधाने, माझ्या बायकोने, ईराला मावशीच्या मांडीवर ठेवलं. मावशीने तिच्या मुठी उघडून पाहिल्या आणि म्हणाली, "हिच्या शाळंत पन मी चुंबळ टाकनार. तवा मला बोलवा."

आम्ही हसलो. दोन-तीन वर्षांत परतायचंच होतं.

परतणं झालं नाही. तिथल्या शाळा तिथल्या भाषेत, म्हणून ईराला इंटरनॅशनल स्कूलमध्ये घातलं. सुरुवातीला फी कंपनी भरत होती. मग माझा करार बदलला आणि फी आमच्यावर आली. ती फी म्हणजे एक आकडा नव्हताच. शिकवण्याची वेगळी, इमारतीची वेगळी, बसची वेगळी, सहलीची वेगळी. संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून सुमेधा मोठ्याने हिशेब करायची आणि एकेक गोष्ट गळत जायची. आधी बाहेर खाणं गेलं. मग मोठं घर गेलं. मग शाळेची बस गेली, आणि सुमेधा स्कूटरवरून ईराला सोडायला लागली. तरीही दर वर्षी, तिकिटं काढायच्या दिवसांतच, शाळेचा ई-मेल यायचा: पुढच्या वर्षाची जागा राखायची असेल तर रक्कम आत्ता भरा. पैसे परत मिळणार नाहीत. म्हणजे एक तर जागा, नाही तर गावी जाणं.

"तिघांनी जाण्यापेक्षा आईंनाच बोलावू. एकच तिकीट," सुमेधा म्हणाली. ती बरोबरच होती. आई यायची, महिनाभर राहायची आणि पिशवीतून मावशीने दिलेली सुकेळी काढायची, राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली. आमच्या हिशेबात घरचे सगळे बसत होते. मावशी शेजारीण. शेजारणीसाठी कोणी तिकीट काढत नाही.

तिच्याशी बोलणं व्हायचं ते आईच्या फोनवर. फी आमच्यावर आली त्या पहिल्या वर्षी तिने विचारलं, "कवा येता?"

मी म्हणालो, "मावशी, इथे शाळेत पुढच्या वर्षाची जागा आधी धरून ठेवावी लागते. पैसे भरून."

ती म्हणाली, "म्हंजे चुंबळ टाकावी लागते."

"हो, तसंच."

"मग आधी टाक, पोरा. येनं काय, कदी पन व्हईल. उठलास की जागा गेली."

फोन ठेवल्यावर मला किती हलकं वाटलं! आज ते लिहितानाही लाज वाटते. 'जागा धरणे' हे शब्द माझ्या तोंडी सहज आले नव्हते. तिला नेमकं काय पटेल, हे मला ठाऊक होतं. मी तिच्याच भाषेत सूट मागितली आणि तिने ती दिली. त्यानंतर दर वर्षी मला कारण सांगावंच लागलं नाही. तीच विचारायची, "टाकलीस का चुंबळ?" मी "हो" म्हणायचो, आणि ती "मग झालं" म्हणायची.

मधे कधी तरी तिचं विरारला जाणं थांबलं. गुडघे दुखतात, असं आई म्हणाली. मावशीचं म्हणणं वेगळं होतं. "नवीन गाड्या आल्यात. काचा बंद. चुंबळ टाकू कुठून?"

ईराने फोनमध्ये तोंड घालून विचारलं, "मावशीआजी, तू माझ्या स्कूलमध्ये येणार?"

"येते की. माझी जागा धर."

ईराने लगेच आपलं दप्तर शेजारच्या खुर्चीवर ठेवलं. रात्री जेवायला बसताना सुमेधा ते उचलायला गेली, तर ईरा रडायला लागली. त्या रात्री मी उभ्याने जेवलो.

मागच्या वर्षाच्या सुरुवातीला आईने सांगितलं, मावशीने अंथरूण धरलंय, ईराचं नाव काढते. शाळेचा ई-मेल आलेला होता. मी आईला म्हणालो, फोन तिच्याकडे दे.

"पैसे भरलेस?" आवाज पार बारीक झाला होता.

"अजून नाही, मावशी. या वेळी म्हणतो, येऊनच जावं."

"खुळा हायेस. भर आधी."

मी "बरं" म्हणालो. त्याच संध्याकाळी पैसे भरले. तिने येऊ नको म्हटलं म्हणून भरले, असं सुमेधाला सांगितलं. खरं म्हणजे मला हवं तेच उत्तर मिळालं होतं.

शिमग्याच्या आधीच मावशी गेली.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही आगाशीला आलो. बचतीला हात लावून तिकिटं काढली. काढता येत होती, हे तेव्हा कळलं.

मावशीच्या पडवीतली खाट उचलून टाकली होती. खाटेच्या जागेजवळ, भिंतीला टेकून, एक लाकडी खुर्ची होती. खुर्चीवर चुंबळ.

"हलवली नाय अजून," तिची सून म्हणाली. "आजारी होत्या तेव्हा कोनाला बसू द्यायच्या नाय. डाक्टर आले तं त्यांना पन पाटावर बसवलं. ते बिचारे पाय दुमडून नाडी बघत होते." ती हसली आणि मग डोळे पुसले. "म्हनायच्या, ईरासाठी धरलीय."

ईरा माझ्याकडे पाहत होती. तिने हळू आवाजात विचारलं, "बाबा, मी बसू?"

"बस गं," सून म्हणाली. "तुजीच हाय."

ईराने दोन्ही हातांनी चुंबळ उचलली, खुर्चीवर बसली आणि चुंबळ मांडीवर ठेवली. सुनेने माझ्यासाठी पाट पुढे सरकवला.

मी दारातच उभा राहिलो.