फरशीच्या अलीकडे

आमच्या गावची फरशी ह्या उन्हाळ्यात जेसीबीनं फोडली. दोन दिवसांचं काम. आई त्याआधीच गेली होती, ते एका अर्थी बरं झालं.

फरशी म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, एक बैलगाडी जाईल एवढा. गाव अलीकडे, एस.टी.चा डांबरी रस्ता पलीकडे. त्यामुळे लांब जाणाऱ्याला घालवायचं ते घराच्या दारातून नाही, फरशीच्या तोंडापासून. तिथं आई जाणाऱ्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची. त्यानं ती चाटायची, "येतो" म्हणायचं आणि मागं न बघता चालू लागायचं. पलीकडं पोचलं की वळून एकदा हात वर करायचा. तो हात दिसला की अलीकडच्यांनी घरी जायचं. घालवणाऱ्यानं मात्र नदी ओलांडायची नाही, हा नियम कडक. असं का, ते मी लहानपणी आईला विचारलं होतं.

"दोघंबी पल्याड गेल्यावर वाट कुणी बघायची?" ती म्हणाली.

विट्याकडच्या पुष्कळ घरांसारखा आमच्या घरचा मुलगाही गलाईला गेला. सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. भाऊ मिसरूड फुटायच्या आत कोइमतूरला गेला, पुढं तिथंच त्याचं स्वतःचं दुकान झालं, बायको-मुलगी तिथं नांदली. वर्षातून एकदा जत्रेला यायचा आणि जाताना दरवेळी दही. पलीकडं पोचल्यावर तो हात वर करायला मुद्दाम उशीर लावायचा. पिशवी खाली ठेवायचा, शर्ट झटकायचा, चपलेतला खडा काढायचा. इकडं आईचा जीव टांगणीला.

"ह्येची येष्टी चुकणार बघ एक दिवस," ती म्हणायची, पण हात दिसल्याशिवाय हलायची नाही.

एका पावसाळ्यात भट्टीपुढं बसल्या जागी त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. ॲम्ब्युलन्समधून त्याला घेऊन वहिनी आणि भाची निघाल्या, आणि त्याच रात्री आमच्या नदीला पाणी आलं. ज्या नदीत पोरं वर्षातले आठ महिने क्रिकेट खेळतात, तिला. फरशी पुरुषभर पाण्याखाली. मी सासरहून, विट्याहून आले होते, म्हणून मी पलीकडच्या काठावर होते. आई अलीकडे. लांबून येतानाच वेळ गेला होता, देह ठेवण्यासारखा उरला नव्हता. आईनं फोनवर एकच सांगितलं, "पाणी उतरंल. थांबा." पाणी उतरत नव्हतं. शेवटी मी ठरवलं आणि पलीकडच्याच काठावर, बाभळीजवळच्या मोकळ्या जागेत त्याला अग्नी दिला. आईनं धूर बघितला. आजही तशीच वेळ आली तर मी तेच ठरवीन. पण ते तिला पटवून द्यायचा प्रश्न कधी आला नाही, कारण तिनं तो विषयच काढला नाही.

त्यानंतर ती फरशीकडं फिरकली नाही. कुणाला दही दिलं नाही. पुढं वरच्या अंगाला उंच नवा पूल झाला. कठडे, दिवे, सगळं. गाड्या दारातून निघतात आणि पुलावर वेगसुद्धा कमी करत नाहीत. दवाखान्याला नेताना आई त्या पुलावर डोळे मिटून बसायची.

वहिनी आणि भाची आईजवळच राहिल्या. भाची शिकली आणि तिला नोकरी लागली ती नेमकी कोइमतूरला. तिला तिथली भाषा येते, लहानपण तिथलंच, म्हणून तिनं अर्ज केला होता. आईनं ऐकलं आणि शेंगा फोडत राहिली.

निघायच्या सकाळी मी गाडी घेऊन गेले. मिरजेला रेल्वे पकडायची होती. भाची आईसमोर तळहात पसरून उभी.

"आज्जे, दही दे की."

"खाल्लंस न्हवं भाकरीसंगं?"

"हातावर दे म्हणते मी."

"मी न्हाई देत. मी दही दिल्यालं माणूस गुंडाळून आणलं."

वहिनी चुलीकडं तोंड करून बसली. भाचीनं बॅग दारात आडवी ठेवली आणि तिच्यावर बसली.

"मग मी जातच न्हाई."

"लय बरं हुईल."

"आई," मी म्हटलं, "रेल्वे दह्यासाठी थांबत नसते."

"तू गप. तुला समद्याचीच घाई असती."

एवढ्या वर्षांत ह्या विषयावर ती माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. कशाबद्दल होतं ते घरातल्या सगळ्यांना कळलं. मी गाडीची किल्ली हातात फिरवत राहिले. दुसरं काय करणार?

बऱ्याच वेळानं आई उठली. आतून वाटी घेऊन आली, वर पदर झाकलेला.

"गाडी तू पुलावरनं ने," मला म्हणाली. "ही फरशीवरनं चालत यील."

मी बॅग घेतली, नव्या पुलावरून पलीकडं गेले, खाली उतरून फरशीच्या टोकाशी उभी राहिले. नदीत घोटाभर पाणी. समोर दोघी दिसल्या. फरशीच्या तोंडाशी त्या थांबतील म्हणून मी बघत होते. थांबल्या नाहीत. आईनं भाचीचं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हातात वाटी, आणि कडा ढासळलेल्या त्या फरशीवरून ती पाय चाचपत येत होती. मध्ये एकदा दम खायला उभी राहिली. मी पुढं झाले तर हातानंच नको म्हणाली.

ह्या काठाला पाय लागल्यावर तिनं मला विचारलं, "कुठं?"

मी बाभळीकडं बोट केलं. ती जागा तिनं कधी पाहिली नव्हती. आता तिथं गवत होतं, एक शेळी चरत होती. आईनं शेळीला हाकललं, वाकून थोडं दही मातीवर ठेवलं, वर चिमूटभर साखर. रडली नाही. उरलेलं भाचीच्या तळहातावर ठेवलं आणि तिनं चाटेपर्यंत तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"सोडू का आई तुला गाडीनं घरापर्यंत?" मी विचारलं.

"रेल्वे थांबती व्हय तुझी?" ती म्हणाली. मग पदर सावरून, "येते गं."

ती वळली आणि एकटीच निघाली. मागं बघितलं नाही. तिला पलीकडं पोचायला फार वेळ लागला. आम्ही दोघी उभ्या. पोचल्यावर तिनं वाटी खाली ठेवली. पदर नीट केला. चप्पल काढून झटकली, परत घातली. मग वळून एकदा हात वर केला.

"आत्ती," भाचीनं विचारलं, "आज्जीनं हात कुणाला केला?"

"गाडीत बस," मी म्हटलं. "मिरज लांब आहे."