ओळंब्याशेजारी उभी राहिले तेव्हा

माझी कवटी मी पहिल्यांदा बघितली ती पनवेलच्या एका हॉस्पिटलमधल्या छोट्याशा एसी खोलीत. काळ्या स्क्रीनवर ती हळूहळू फिरत होती, विहिरीत पडलेल्या नारळासारखी, आणि मला भीती वगैरे काही वाटलीच नाही. उलट वाटलं, ही माझी? इतकी छान?

थांबा, नीट सांगते. माझा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे होता. समोरचे दात एकमेकांना टेकायचेच नाहीत, वडापावसुद्धा मी बाजूच्या दाढांनी तोडायचे. तारा लावून दात सरळ करून झाले होते, आता हाडच कापून जागेवर बसवायचं होतं. आणि खरं कापायच्या आधी डॉक्टर मॅडम ते कॉम्प्युटरवर कापून बघतात! माउस धरून. वरचा जबडा हिरवा झाला, खालचा निळा, दोन्ही तुकडे कवटीपासून सुटले आणि अंधारात तरंगायला लागले. मॅडमनी निळा तुकडा जरा मागे नेला की शेजारच्या चौकटीतला माझा डोळे मिटलेला चेहरा जरासा बदलायचा. झोपेत कोणीतरी मला हळूच परत घडवतंय असं वाटत होतं. मला तिथून उठायचंच नव्हतं.

पण मॅडम मधेच थांबल्या. दातांवरून बघितलं तर जबडा बराच पुढे होता, चेहऱ्यावरून बघितलं तर थोडासाच. त्यांनी समजावलं की दात जुळवायला वरचा किती पुढे आणायचा आणि खालचा किती मागे न्यायचा, ही वाटणी चेहरा बघून ठरते. आधी काढलेल्या फोटोत मान चुकीची असेल तर वाटणी चुकते. मग दात जुळतील, पण चेहरा भलताच होऊन बसेल. आणि हाड एकदा जुळून आलं की संपलं, परत कोण उघडणार?

मान कुठे चुकली ते मला लगेच कळलं.

आमच्या घरात कोणीही फोन वर केला की आई कॅमेऱ्याच्या मागे जाऊन स्वतःच्या गळ्याला दोन बोटं लावते. म्हणजे हनुवटी आत घे. हळदीला, गणपतीत, कुठेही. हॉस्पिटलात फोटो काढले तेव्हाही ती मागे उभी राहून तेच करत होती, आणि मी तेच केलं. दोघींनाही वाटलं, फोटो चांगला आला.

मॅडमनी विचारलं, तू नेहमी अशीच उभी राहतेस का. मी हो म्हटलं. मागून आई हळूच बोलली, "न्हाय म्याडम. बोटीकडं बघताना न्हाय."

नागावला आमचं होमस्टे आहे. पाहुणे बनाना बोटीवर गेले की मी किनाऱ्यावर उभी राहून त्यांच्यावर लक्ष ठेवते. लांब, पाणी आणि आभाळ एक होतं तिथपर्यंत. तेव्हा मला मान आहे हेच मी विसरते. आई हे कधीपासून बघत होती कोण जाणे.

मॅडम म्हणाल्या, मग तिथलाच फोटो आणा. बाजूने काढा, आणि फोटोत वजन लावलेली दोरी लटकू दे, म्हणजे कॉम्प्युटरला सरळ रेघ कुठली ते कळेल.

बाबांनी आमच्या नव्या खोलीच्या बांधकामावरून गवंड्याचा ओळंबा आणला आणि सुरूच्या फांदीला टांगला. रविवार होता, किनाऱ्यावर ही गर्दी. वाऱ्याने ओळंबा नुसता झुलत होता आणि बाबा फोन धरून तो थांबायची वाट बघत होते. माझी मान आपोआप खाली जायला लागली. एका बाजूला पाहुणे, एका बाजूला घोडागाडीवाले, आणि मी मध्ये माझी ती बाजू सगळ्यांना दाखवत उभी.

"हनुवटी न्हाय, जेटी हाय ती," बाबा म्हणाले. "राहू दे बाहेर, बोट लागंल."

मला हसू फुटलं. आईचा हात गळ्याकडे निघाला होता, तो तिने दुसऱ्या हाताने धरून ठेवला. मी समोर बघितलं. एक पिवळी बोट उन्हात विरघळल्यासारखी दिसत होती, तिच्यावरची माणसं नुसते ठिपके. मग वारा कधी पडला आणि बाबांनी फोटो कधी काढला, मला कळलंच नाही.

पुढच्या खेपेला मॅडमनी त्या फोटोप्रमाणे कवटी फिरवली आणि स्क्रीनवर माझी हनुवटी बाहेर आली. अख्खी. एवढी मी स्वतःसुद्धा कधी बघितली नव्हती.

"ही तू का?" मॅडमनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "हीच."

मग सगळं परत तरंगलं. या वेळी हिरवा तुकडा जास्त पुढे आला, निळा थोडा मागे गेला. त्या मापाची एक पारदर्शक चकती प्रिंट होऊन आली, दातांचे खळगे असलेली. ऑपरेशनमध्ये जबडा नेमका कुठे बसवायचा ते तीच दाखवते. हातात घेतली तर शिंपल्याएवढी हलकी.

ऑपरेशननंतर जाग आली तेव्हा दात रबरांनी बांधलेले होते आणि गाल उशीएवढे. जीभ सवयीने फटीतून बाहेर डोकवायला गेली आणि दातांना आपटली. मागे गेली, परत येऊन आपटली. मी गुंगीत पडल्या पडल्या तेवढंच करत राहिले.

आई खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसली होती. खूप वेळ एका बाजूने बघत होती, मग उठून दुसऱ्या बाजूला गेली.

"तूच दिसतेस," ती म्हणाली.

एवढ्या सुजेत तिला मी कुठे दिसले, देव जाणे.