खोर फक्कानचं हिरवं मैदान आणि ओंकारची बदललेली जागा

शारजात राहून फुटबॉलचं वेड म्हणजे उसाच्या गावात राहून डायबिटीस. इथल्या आपल्या लोकांना क्रिकेटशिवाय दुसरं काही दिसत नाही. पण मी कोल्हापूरची. आमच्या पेठेत मॅचच्या दिवशी दुकानदार शटर अर्ध्यावर ओढून मैदानावर पळायचे, आणि वडिलांच्या खांद्यावर बसून मी ऑफसाइड शिकले ती पाढ्यांच्या आधी. माझा थोरला भाऊ तालमीच्या फुटबॉल संघाचा सेंटर फॉरवर्ड होता. त्यानं गोल मारला की आमच्या घरी पेढे वाटायचे. त्यामुळे २००२ सालच्या मार्चमध्ये एका शुक्रवारी पहाटे उठून, डोंगर ओलांडून, निव्वळ एक सरावाचा सामना बघायला आम्ही खोर फक्कानला गेलो, यात मला तरी काही विशेष वाटत नाही. नवऱ्याला वाटलं होतं.

आधी भांडण कशावरून होतं ते सांगते. आमचा ओंकार तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेजच्या संघात तो नऊ नंबरचा, म्हणजे गोल मारणारा. जानेवारीत नवे कोच आले, मोइदीन सर, मलबारकडचे. आल्या आल्या त्यांनी ओंकारला पुढून काढलं आणि बचावात, अगदी शेवटच्या फळीत उभं केलं. ओंकार घरी येऊन एवढंच म्हणाला, "मम्मी, आय प्ले ॲट द बॅक नाऊ." का, विचारलं तर, "जस्ट लाइक दॅट."

माझं डोकंच फिरलं. पालकसभेत उभी राहून मी सरांच्या निवडीवर दहा मिनिटं बोलले. सगळे बघत बसले. शेवटी प्राचार्य म्हणाले, "तुम्हाला खेळ कळतो. सरांना आम्ही मेपर्यंतच घेतलंय, पुढे ठेवायचं का ते ठरायचंय. शुक्रवारी संघ खोर फक्कानला सराव सामना खेळणार आहे. बघून या आणि एक पानभर मत लिहून द्या." झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि आता एका माणसाची नोकरी माझ्या पानावर.

पोरं कॉलेजच्या बसनं गेली. आम्ही दोघं आमच्या गाडीनं. श्रीधर, म्हणजे माझा नवरा, मालवणचा. फुटबॉलमध्ये किती माणसं असतात हे त्याला अजून नक्की माहीत नाही. पण खोर फक्कानला ताजा मासा मिळतो म्हटल्यावर साहेब पाच वाजता आंघोळ करून तयार.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. आता म्हणे डोंगरातून बोगदे काढून सरळ रस्ता झालाय. तेव्हा शारजा, धैद, मसाफी, मग फुजैरा आणि तिथून समुद्राच्या कडेनं वर, असं जावं लागायचं. सव्वादोन तास धरा. शुक्रवारी इथं सुट्टी, त्या दिवशीची पहाट गाठलीत तर शारजातून बाहेर पडायला दहा मिनिटं पुरतात. शनिवारी, म्हणजे कामाच्या दिवशी, सकाळी दुबईच्या दिशेनं निघालात तर देवच वाली. गाडी नसेल तर शारजातल्या रोला चौकातून फुजैऱ्यापर्यंत शेअर टॅक्सी मिळायची, पण ती भरेपर्यंत ड्रायव्हर "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, म्हणत तुम्हालाच उन्हात उभं करायचा.

धैदपर्यंत वाळू. लाल, मऊ, रस्त्यावर घरंगळत आलेली. धैदला पन्नास फिल्सचा, म्हणजे अर्ध्या दिरहमचा, कडक चहा घेतला. श्रीधर म्हणाला, "पन्नास फिल्स म्हणजे साडेसहा रुपये. मालवणात एवढ्यात तीन चहा येतील." मी म्हटलं, "मग जा मालवणात आणि पिऊन ये." पुढे डोंगर सुरू होतात. एकावर झाड नाही, गवताची काडी नाही. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला आधी ते डोंगर अर्धवट सोडून दिल्यासारखे वाटतात. मग कोवळं ऊन पडलं की त्यांच्यात जांभळा, तांबडा, राखाडी असे रंग दिसायला लागतात आणि आपण बघत राहतो. मसाफीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजार आहे, गालिचे, कुंड्या, मातीची भांडी आणि फळं. जाताना थांबू नका, येताना थांबा. सकाळी भाव उतरवत नाहीत.

फुजैऱ्यात श्रीधरनं एका राउंडअबाउटला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि तिसऱ्या वेळी चुकीच्या रस्त्याला लागला. मी काही बोलले नाही. सगळा राग सरांसाठी राखून ठेवला होता.

आणि मग एका वळणावर समुद्र दिसला. शारजाचा समुद्र सपाट असतो, इथला डोंगराच्या पायाशी येऊन थांबलेला. लांब बंदरातल्या उंच क्रेन्स, त्यांच्याखाली रंगीत डब्यांसारखे रचलेले कंटेनर. श्रीधरनं गाडीची काच खाली केली आणि म्हणाला, "वास बघ. आमच्या जेटीवरचा वास." तो एवढा खूश झालेला मी महिनोन्महिने पाहिला नव्हता.

मैदान एका शाळेचं होतं. सरांचा जुना मित्र तिथं खेळाचा शिक्षक. मैदानावर खरं गवत होतं, आणि एवढ्या लांब यायचं कारण तेवढंच. आमची पोरं शारजात मोकळ्या प्लॉटवर वाळूत खेळायची, तिथं चेंडू टप्पाच घेत नाही. इथं बुटातून पाय काढून दोघा पोरांनी आधी गवतावर अनवाणी चालून घेतलं.

मी सरळ पाण्याच्या ड्रमपाशी गेले. मोइदीन सर बाटल्या भरत होते. पन्नाशीचे, काटकुळे, गळ्यात शिट्टी. मी हिंदीत सुरू केलं. "सर, ओंकार गोल करनेवाला लड़का है. उसको पीछे क्यूँ खड़ा किया? मेरा भाई भी फॉरवर्ड था. यह हमारे खून में है." आणखीही बरंच बोलले. त्याचं मन मोडलं, तो घरी बोलत नाही, आणि याला तुम्ही जबाबदार, इथपर्यंत गेले.

सरांनी सगळं खाली मान घालून ऐकलं. बाटलीचं झाकण लावलं. "मॅडम, पहले देखो. बाद में बोलो."

ते जरा जास्तच शांत आहेत, असं मी वहीत लिहून ठेवलं.

सामना आपल्यातच होता. अठरा पोरं, नऊ पिवळ्या बनियनमध्ये, नऊ निळ्या. मला वाटलं होतं चांगली एकीकडे आणि कच्ची दुसरीकडे करून सर आपला संघ मिरवतील. पण त्यांनी नेमकं उलट केलं. कॉलेजच्या मुख्य संघाची आघाडी पिवळ्यात आणि त्याच संघाचा बचाव निळ्यात. चांगल्यासमोर चांगला. शिवाय गोल मोजायचे नाहीत. दर दहा मिनिटांनी शिट्टी, सगळे खाली बसणार आणि सर विचारणार, "अभी क्या हुआ?" स्वतः काही सांगायचे नाहीत. पोरंच एकमेकांना सांगायची, आणि दोन-चार वेळा चुकून खरंही सांगायची.

वहीत मी प्रामाणिकपणे लिहीत गेले. चेंडू जमिनीवरून ठेवतात, गेल्या वर्षीसारखा आभाळात मारत नाहीत. डावीकडून जोएल नावाचा पोरगा वाऱ्यासारखा पळतो, पण पळून झाल्यावर काय करायचं ते त्याला ठाऊक नाही. गोलकीपर उंच, हात पक्के, पाय घाबरट. आघाडी बोथट. ते लिहिताना मला बरं वाटलं, हे कबूल करते. ओंकार पुढे असता तर, असं प्रत्येक वेळी मनात यायचं.

आणि तेवढ्यात चेंडू ओंकारकडे आला. तो सर्वांत मागे, शेवटचा माणूस. समोर चाळीस पावलं मोकळं मैदान. माझ्यातली पेठ जागी झाली. कडेला उभी राहून मी ओरडले, "सोड की ती जागा! पुढं जा, पुढं! घे आत आणि मार!"

आणि तो निघाला. माझा मुलगा जागा सोडून, चेंडू घेऊन, मान खाली घालून पळत सुटला. मध्यावर दोघांनी त्याला अडवलं, चेंडू गेला, आणि पिवळ्यांनी तो लांब मारला, अगदी जिथं ओंकार असायला हवा होता तिथं. गोल. त्या जागी कोणीच नव्हतं.

ओंकारनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरांनी शिट्टी वाजवली, पोरांना बसवलं आणि माझ्याकडे चालत आले. मला वाटलं, आता हाकलणार. मी असते तर हाकललं असतं.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "उसका कान आपके पास है. थोड़ा टाइम उसको वापस दे दो."

एवढंच बोलून गेले. माझे कान तापले. मी मैदानापासून लांब, भिंतीला टेकून बसलेल्या श्रीधरशेजारी जाऊन बसले. तो म्हणाला, "गोल झाला ना? मग तू गप्प का?" मी म्हटलं, "खाली बस आणि बघ." तो बसलेलाच होता.

उरलेला अर्धा तास मी मूग गिळून बसले. कोल्हापूरच्या माणसानं मैदानाच्या कडेला गप्प बसणं किती जड जातं, ते दुसऱ्याला कळायचं नाही. पण गप्प बसल्यावर मला एक आवाज ऐकू आला. "जोएल, लेफ्ट! टाइम है, टाइम है, घूम जा! मैं हूँ पीछे!" आवाज थांबतच नव्हता. एकाला पुढे जा, दुसऱ्याला थांब, गोलकीपरला "अच्छा था, अच्छा था" म्हणून धीर. आघाडीवाले दोनदा आत घुसले आणि दोन्ही वेळा त्या आवाजाच्या हुकमावर सगळी फळी एकदम सरकली आणि दार बंद झालं. तो आवाज आमच्या ओंकारचा होता. घरी ज्याच्या तोंडून "फाइन", "नथिंग" आणि "लेटर" यापलीकडे शब्द निघत नाही, तो अठरा जणांचं मैदान हाकत होता. मला भरून आलं. श्रीधर फुटबॉल कळत नसूनही म्हणाला, "आपलाच आहे ना तो?"

वहीत मी लिहिलं: जागा योग्य आहे.

अकराच्या आत सामना संपला. पोरं नमाजाला आणि जेवायला पांगली. तुम्ही शुक्रवारी गेलात तर लक्षात ठेवा, साडेअकरा ते दोन सगळं बंद, त्याआधी पोट भरून घ्या. बंदराजवळच्या मलबारी हॉटेलात भात, आमटी आणि तळलेला मासा, माणशी आठ दिरहम. "एकशे चार रुपये," श्रीधर म्हणाला, "पण मासा बघ. आज हिशेब माफ." मग किनाऱ्यावर बसलो. मुलांनी समुद्रात उड्या मारल्या. येताना मसाफीच्या बाजारात एक कुंडी घेतली, वीस सांगितली होती, बारात मिळाली. टोपी आणि भरपूर पाणी न्या, आणि उतारावर गाडीचे ब्रेक तापू देऊ नका.

शनिवारी दुपारी ओंकार कॉम्प्युटरसमोर बसला आणि मी त्याला मत सांगायला लागले, कारण माझं इंग्रजी बोलायला बरं असलं तरी लिहायला नाही. जोएलबद्दल, गोलकीपरबद्दल, बोथट आघाडीबद्दल. मी कडेवरून ओरडले आणि त्यामुळे गोल झाला, तेही त्याला टाइप करायला लावलं. तो मध्येच हसला. मग मी म्हणाले, "लिही. कोचनी नऊ नंबरच्या खेळाडूला मागे आणलं, तो त्यांचा निर्णय बरोबर होता."

त्याची बोटं थांबली.

"इट वॉजन्ट हिज डिसिजन, मम्मी."

"मग कोणाचा?"

"माइन." मग तो मराठीत बोलायला लागला, अडखळत. "मला पुढे नाही आवडत. सगळे वेट करतात, हा गोल मारणार. तूपण. मागून मला सगळं दिसतं. मीच सरांना विचारलं, जानेवारीत. तुला कसं सांगणार? तू मामाचं सारखं सांगतेस."

"आणि सरांना मी एवढं बोलले! ते का नाही बोलले?"

"मी नको म्हटलं होतं. ते म्हणाले, ठीक आहे, पण एक दिवस तूच सांग."

मला त्या ड्रमपाशी खाली मान घालून उभा असलेला माणूस आठवला. माझ्या एका पानावर नोकरी असलेला, आणि एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असता असा. रडू आलं, डोळे मी पदरानं पुसले. म्हटलं, "खोड ते वाक्य. खरं काय ते लिही."

त्यानं लिहिलं, जागा बदलण्याची विनंती खेळाडूनं केली होती. मी म्हटलं, "खेळाडूनं नको. माझ्या मुलानं, असं लिही." त्यानं तसं लिहिलं. खाली मी सही केली.

रविवारी पान प्राचार्यांना दिलं आणि संध्याकाळी त्या वाळूच्या प्लॉटवर गेले. माफी कशी मागायची ते गाडीत दोनदा हिंदीत म्हणून पाहिलं होतं. सर पोरांना पळवत होते. मला बघून जवळ आले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "वो बोला आपको?"

"बोला," मी म्हटलं. "खुद बोला."

"खलास," म्हणजे झालं, विषय संपला, ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. माझी माफी माझ्या तोंडातच राहिली. शिट्टी वाजवून ते पोरांकडे वळले. पान वाचून कॉलेजनं त्यांना ठेवून घेतलं, पण ते मला आठवड्यानं कळलं. त्या संध्याकाळी मी प्लॉटच्या कडेला उभी राहून माझ्या मुलाला बोलताना ऐकत होते, अंधार पडेपर्यंत.